नळाचे फडके

दिवाळी अंकासाठी लेख पाठवा, असा संपादकांचा निरोप आला की दरवर्षी माझी पंचाईत होते. एरवी या सदरातून मी वाचकांशी घरगुती गोष्टी बोलतो. गळका नळ, हरवलेली किल्ली, न मिळणारा छत्रीवाला. पण दिवाळी अंक म्हटला की वाटते, काहीतरी वजनदार लिहावे. याही खेपेला मी दोन-तीन भारदस्त विषय एका कागदावर टिपून ठेवले होते. आमच्या सौभाग्यवतींनी तो कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "अहो, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही आपलं त्या स्पंजावर लिहा. चार घरची पिल्लं तरी वाचतील."

तेव्हा वाचकहो, आजचा विषय मुठीत मावेल एवढ्या एका काळ्या स्पंजाचा आहे. माशांच्या पेटीत पाणी ओढणारी जी नळी असते, तिच्या तोंडावर तो बसवतात. दुकानात त्याला प्रीफिल्टर म्हणतात. आमच्या घरी त्याला 'नळाचे फडके' म्हणतात. हे नाव कसे पडले ते सांगायचे म्हणजे मला माझी एक लबाडी कबूल करावी लागणार आहे. घरी ती कबूल करून झालीच आहे. आता तुमच्यासमोर करतो.

आमच्या डोंबिवलीच्या घरात, दिवाणखान्यातल्या खिडकीशेजारी, दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी आहे. पाणी मावते साधारण ५५ लिटर. मी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा मुलाने ती आणून दिली. "बाबा, तुमचा वेळ जाईल," म्हणाला. वेळ कसला जातो! माणूस पेटीपुढे बसला की आमटी उतू जाते, बेल वाजून थांबते आणि बायकोचे शब्द कानात शिरत नाहीत.

पेटीत मासे आहेत ते गप्पी. महागड्या जातीचे काही नाही. डास वाढू नयेत म्हणून आरोग्य खाते विहिरींत आणि टाक्यांत सोडते तेच हे मासे. फक्त दुकानातल्यांच्या शेपट्या जरा नटव्या. नावाचा मात्र आपल्या 'गप्पां'शी काही संबंध नाही. त्रिनिदाद बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी नावाच्या गृहस्थांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ साली तिथल्या ग्युंथर नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांचे नाव माशाला दिले. पुढे कळले की पीटर्स नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १८५९ सालीच या माशाचे वर्णन करून ठेवले होते. शास्त्रीय नाव त्याचे राहिले, पण लोकांच्या तोंडी गप्पीच बसला.

या माशाचा विशेष असा की मादी अंडी घालत नाही. थेट पोहणारी पिल्ले देते. साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस, कधी त्याहूनही जास्त. पिल्लू जन्मते तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढे लांब आणि दोऱ्यासारखे बारीक असते. दोन डोळे तेवढे ठळक दिसतात. बाकी सारे पाण्यासारखे.

गेल्या वर्षी दिवाळीला आमची नात आठ दिवस आधीच नाशिकहून आली होती. वय वर्षे सात. एका मोठ्या पोटाच्या मादीचे तिने 'राणीसाहेब' असे नाव ठेवले आणि रोज सकाळी दात घासण्याआधी राणीसाहेबांना चिमूटभर खाणे घालण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. वसुबारसेच्या संध्याकाळी आजी रांगोळीत गाय-वासरू काढीत होती. तेवढ्यात पेटीपुढून किंकाळी आली, "आजोबा! राणीसाहेबांना बाळं झाली!"

आम्ही तिघांनी मिळून मोजली. माझी भरली सव्वीस, आजीची चोवीस आणि नातीची सत्तावीस. सत्तावीसच धरायची असे ठरले. मी शेवाळाचा एक जुडगा पेटीच्या कोपऱ्यात सोडला, कारण गप्पीची आई स्वतःचीच पिल्ले खाते हे मला ठाऊक होते. पिल्ले त्या शेवाळात जाऊन बसली. त्या रात्री नात झोपायला तयार नव्हती. वसुबारसेला बाळे झाली म्हणजे ती देवाने मुद्दाम पाठवली, असा तिचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. या मुहूर्तावर घरात काहीतरी नवे यावे म्हणतात. सोन्याचा भाव ऐकून मी माशांच्या दुकानात गेलो. पेटीचा जुना फिल्टर लहान होता, जरा कुरकुरतही होता. मी त्याच्या जागी मागच्या काचेवर टांगायचा एक मोठा फिल्टर घेतला. खोक्यावर लिहिले होते, ताशी ६०० लिटर. म्हणजे पेटीतले सगळे पाणी तासाला जवळजवळ अकरा वेळा फिरणार! माणसाला उगाच मोठेपणा आवडतो तो असा. पाचपट पुरे झाले असते.

या यंत्राची रचना सोपी असते. एक नळी पाण्यात खाली सोडलेली. तिच्या टोकाला फटींची जाळी. वर एक लहानशी मोटर, तिच्यात चुंबकावर फिरणारी पंख्याची चक्री. ती पाणी ओढून मागच्या डब्यात टाकते; डब्यात स्पंज आणि चिनी मातीच्या पोकळ नळ्या असतात; त्यांतून गाळून पाणी पुन्हा पेटीत पडते. मी तो बसवला, बटण दाबले आणि धबधब्यासारखी धार सुरू झाली. मधला एक दिवस फराळाच्या गडबडीत गेला. मी जाता-येता ती धार पाहत होतो. पिल्ले मोजत नव्हतो.

नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठलो आणि पेटीचा दिवा लावला. शेवाळाच्या आसपास चार पिल्ले दिसली. फक्त चार. वाकून पाहिले, तर नळीच्या जाळीला एक पिल्लू चिकटलेले होते, अर्धे फटीच्या आत, अर्धे बाहेर. मी मोटर बंद केली. ते सुटून तळाशी गेले आणि तिथेच राहिले. मी ते चमच्याने काढले, कुंडीत टाकले आणि मोटर पुन्हा सुरू केली. हे का केले ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा एवढा मोठा फिल्टर आपण आणला तो चुकीचा आणला, हे स्वतःशी कबूल करायचे नव्हते.

उटण्याचा वास येत असतानाच नात पेटीपुढे जाऊन उभी राहिली. "आजोबा, बाळं कुठायत?"

मी म्हणालो, "अगं, गप्पी माशांत असंच असतं. राणीसाहेबांनी खाल्ली असतील."

खोटे बोलायचे तर त्याला अर्ध्या सत्याचे अस्तर लावावे, म्हणजे ते फाटत नाही. मी सांगितले ते गप्पीविषयी खरे होते. या सत्तावीस पिल्लांविषयी खरे नव्हते.

पोर रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. तिने खाण्याची डबी उघडली, बाकीच्या माशांना त्यांच्या बाजूला खाणे घातले, आणि राणीसाहेब वर आल्या तशी काचेवर बोटाने टकटक करून त्यांना हाकलले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही तेच. लाह्या-बत्तासे सगळ्यांना वाटले; राणीसाहेबांच्या बाजूला तिने पाहिलेसुद्धा नाही. आजीने विचारले तेव्हा म्हणाली, "जी आई बाळांना खाते तिला मी नाही देणार." मी वर्तमानपत्र उघडून बसलो. त्यातले एक अक्षरही मी वाचले नाही.

पाडव्याच्या दुपारी मोटर अडखळू लागली. सौभाग्यवतींना घरातल्या कुठल्याही यंत्राचा आवाज बदललेला आधी कळतो. "अहो, यात काहीतरी अडकलंय," म्हणून त्यांनी माझी वाट न पाहता मागच्या डब्याचे झाकण उचलले. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर हळूच म्हणाल्या, "एक वाटी आणा. काचेची."

डब्यात, स्पंजाच्या मागच्या अंधाऱ्या जागेत, सहा पिल्ले पोहत होती. जिवंत. नळीतून ओढली जाऊन, चक्रीच्या पात्यांतून कशीबशी सुटून ती तिथे पोचली होती आणि स्पंजावर अडकलेल्या कणांवर तीन दिवस जगली होती. बाकीची चक्रीत सापडली. ती मी नातीला दाखवली नाहीत. पण ती सहा पिल्ले वाटीत घेऊन मी तिच्यापुढे बसलो आणि सांगितले, "राणीसाहेबांनी नाही खाल्ली. माझ्या फिल्टरने ओढली. मला त्या दिवशीच कळलं होतं."

तिने वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मग तुम्ही त्यांचं नाव का सांगितलं? त्यांना तर बोलता पण येत नाही."

वाचकहो, पस्तीस वर्षे मी हिशेब तपासले. साहेबांच्या कितीतरी प्रश्नांना उत्तरे दिली. या प्रश्नाला मात्र दिले नाही. चूक झाली, एवढेच म्हणालो.

आता स्पंजाकडे वळू. फिल्टर बंद ठेवून चालत नाही. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष आहे. फिल्टरमधल्या स्पंजावर काही सूक्ष्म जिवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पुष्कळच कमी घातक असते. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मातीतून असे जिवाणू वेगळे काढून दाखवले. पेटीत त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पाणी फिरलेच पाहिजे. प्रश्न एवढाच, की पाणी जावे आणि पिल्लू जाऊ नये.

उत्तर आजीने दिले. "एवढा काय विचार करताय? आपण पावसाळ्यात नळाला फडकं नाही बांधत? तसंच याला बांधा." आणि त्यांनी स्वतःच जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा धुऊन, पिळून, नळीच्या जाळीभोवती दोऱ्याने बांधून दिला.

कल्पना शंभर टक्के बरोबर. फडके तेवढे चुकीचे. तीन तासांत डब्यातले पाणी खाली गेले आणि मोटर घरघरू लागली. फडके जाळीला घट्ट चिकटले होते. मलमलीची वीण बारीक, तिच्यावर गाळाचा थर बसला की संपले. शिवाय कापड सपाट. ते फटींवर चिकटून बसते, म्हणून पाण्याची ओढ पूर्वीइतकीच राहते. पिल्लू आत जाणार नाही, पण फडक्याला चिकटून मरेल.

संध्याकाळी आम्ही दोघे, आजोबा आणि नात, माशांच्या दुकानात गेलो. दुकानातल्या पोराने सारे ऐकून घेतले आणि मागच्या फळीवरून एक काळा दंडगोल स्पंज काढून दिला. एका बाजूला भोक, दुसरी बाजू बंद. किंमत फिल्टरच्या मानाने नगण्य. "काका, हे फिल्टरबरोबरच न्यायला हवं होतं." धनत्रयोदशीला त्याने हे सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. हिशेब बरोबरीत सुटला.

घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागे आकडेमोड केली, तेव्हा त्या स्पंजाचे मर्म कळले. ताशी ६०० लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ घन सेंटिमीटर पाणी. जाळीच्या सगळ्या फटी मिळून जागा भरली जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे फटीपाशी पाणी सेकंदाला ३३ सेंटिमीटर वेगाने धावणार. स्पंज ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि ८ सेंटिमीटर लांबीचा. त्याची बाहेरची बाजू भरते सुमारे १२५ चौरस सेंटिमीटर. तेच पाणी आता पंचवीस पट जागेतून आत शिरते, म्हणून वेग उरतो सेकंदाला सव्वा-दीड सेंटिमीटर. दोऱ्याएवढे पिल्लूसुद्धा त्यातून सहज पोहून निघते. म्हणजे स्पंज नुसता अडवत नाही. तो ओढ मंद करतो. आणि त्याला जाडी असल्यामुळे गाळ वरच्यावर न साचता आत खोलवर बसतो. मलमल तीन तास चालली. स्पंज आठवडाभर चालतो.

हा स्पंज घेताना छिद्रे पाहावीत. एका इंचात किती छिद्रे, यावर त्याची जात ठरते. वीसचा भरड, तीसचा मध्यम, पंचेचाळीसचा बारीक. पिल्लांसाठी आम्हाला तीसचा मानवला. फार बारीक घेतला तर तो मलमलीसारखा तुंबतो, मोटरीला पाणी पुरत नाही आणि ती तापते. भोक नळीवर घट्ट बसले पाहिजे. सैल बसले तर पिल्लू बरोबर तिथूनच शिरते. आणि भांडी घासायचा स्पंज कापून लावू नये. त्यात साबण किंवा जंतुनाशक असण्याचा संभव असतो. जंतुनाशक जंतू मारते, आणि आपल्याला तर ते जंतूच हवे आहेत.

धुण्याचीही एक रीत आहे. आधी मोटर बंद करावी. मग पाण्यातच स्पंजाखाली एक पिशवी किंवा पेला धरून, त्यात स्पंज उतरवून घ्यावा. तसाच उपसला तर आठवड्याचा सगळा गाळ पुन्हा पेटीत पसरतो. मी एकदा केले आणि राणीसाहेब दिसेनाशा झाल्या. दुसरे असे की तो नळाखाली धुऊ नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते आपल्यासाठी चांगले, पण स्पंजावरच्या जिवाणूंना घातक. पेटीतलेच बादलीभर पाणी काढावे, त्यात चार-पाच वेळा पिळावा आणि परत बसवावा. आमच्या घरी दिवाळीची साफसफाई म्हणजे सगळे लखलखीत झाले पाहिजे. पण हा स्पंज लखलखीत करायचा नाही, नुसता मोकळा करायचा. ते काळपट पाणी कुंड्यांना घालावे. गेल्या वर्षी आमची जास्वंद त्यावर चांगली फुलली.

या व्यवस्थेचे आणखी दोन फायदे नंतर लक्षात आले. गाळ दारातच अडतो, त्यामुळे मागचा मोठा डबा दर आठवड्याला उघडावा लागत नाही, आणि तिथली जिवाणूंची वस्ती निवांत राहते. आणि स्पंजावर जे सूक्ष्म कण व जीव जमतात, ते पिल्ले दिवसभर टिपत बसतात. ज्या तोंडाने त्यांना गिळले, त्याच तोंडावर आता त्यांची पंगत बसते.

उणिवाही सांगतो. पेटीत तो काळा बोळा काही शोभिवंत दिसत नाही, पाहुणे विचारतात, "हे काय?" आणि आठवड्याला तो पिळण्याचा आळस केला तर धार मंदावते आणि सगळेच बिघडते. ज्यांना पिल्लेच वाढवायची आहेत, त्यांनी हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंजफिल्टर वापरला तरी चालते. त्यात पाते नाही, चक्री नाही. पण घरात मोटरीचा फिल्टर असेल, तर हा तुकडा त्याच्याबरोबर असायलाच हवा.

स्पंज या वस्तूचीही एक गंमत नातीला सांगितली. आपला हा पॉलियुरेथेनचा. पण खरा स्पंज समुद्रात राहणारा प्राणी आहे. तो जागचा हलत नाही. अंगावरच्या हजारो छिद्रांतून पाणी आत घेतो, त्यातले कण खातो आणि गाळलेले पाणी बाहेर सोडतो. ती म्हणाली, "म्हणजे आजीच्या फडक्यासारखा." मी म्हणालो, "हो, पण जिवंत." तेव्हापासून आमच्या घरी त्या स्पंजाचे नाव 'नळाचे फडके' पडले.

गेल्या भाऊबिजेला, नाशिकच्या गाडीत बसण्याआधी, तिने डबी उघडून मोठी चिमूट राणीसाहेबांच्या बाजूला घातली. काचेला तोंड लावून काहीतरी पुटपुटली. काय म्हणाली ते मी विचारले नाही. तो त्या दोघींचा मामला.

त्या चार आणि डब्यातल्या सहा, अशा दहा पिल्लांपैकी आठ मोठी झाली. त्यांनाही पिल्ले झाली. आता मोजणे सोडून दिले आहे. शेजारच्या दोन घरांत आणि पलीकडच्या इमारतीतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आमचे गप्पी गेले. देताना मी प्रत्येकाला विचारतो, "फिल्टरला फडकं आहे ना?" लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात. राणीसाहेब जूनमध्ये गेल्या. गप्पीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. फोनवरून नातीला सांगितले तेव्हा थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आजोबा, खरं सांगताय ना?" मी म्हणालो, "खरं." त्या एका शब्दासाठी मला किती महिने लागले असते, कोण जाणे, ती सहा पिल्ले डब्यात जिवंत नसती तर.

परवा ती दिवाळीसाठी आली. दारात चपला काढल्या न काढल्या तोच पेटीपाशी धावली. वाकून नळीच्या तोंडाशी पाहिले, स्पंज बोटाने दाबून पाहिला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "आजी, फडकं मळलंय! बादली आण!"

हा लेख तिने बादली आणेपर्यंत लिहून संपवायचा होता. बादली आली आहे. स्पंज पिळताना दुसरे कोणीतरी पेला धरावा लागतो, आणि तो मान माझा आहे.